पानगळीचा रंग आणि कॅमेऱ्याची साक्ष



वसंताच्या नावाने भरणाऱ्या या व्याख्यानमालेत आम्ही पानगळीवर बोलायला उभे राहिलो, याची आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. बाहेर आंब्याला कैऱ्या लोंबत आहेत, पिंपळाची पालवी उन्हात लकाकते आहे, आणि वक्ता मात्र झडणाऱ्या पानांची गोष्ट सांगणार! परंतु वसंताची पालवी आणि पानगळ यांचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे. ते कसे, हे बोलण्याच्या ओघात येईलच.

आजचा विषय आहे पानगळीच्या रंगाचे छायाचित्र. हा रंग पाहायला लोक कॅनडात जातात, अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत जातात, आपल्या काश्मिरात चिनार पाहायला जातात. आम्ही आज आपल्याला जपानातील निक्को या डोंगरातल्या गावी नेणार आहोत. त्याला कारणे दोन. एक असे की, तेथे एकाच डोंगरउतारावर या रंगाची सगळी वाटचाल पाहायला मिळते. दुसरे असे की, त्याच डोंगराच्या पाठीमागे एक जागा आहे आणि ती पाहिल्यावाचून पुढच्या बाजूचे चित्र पुरे होत नाही. तिच्याकडे आपण शेवटी वळू.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. निक्को हे टोकियोच्या उत्तरेस, आगगाडीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर आहे. शोदो नावाच्या बौद्ध भिक्षूने ७६६ साली येथे पहिले मठस्थान उभारले असे मानतात. पुढे १६१७ साली तोकुगावा इएयासू या राज्यकर्त्याचे देवस्थान येथे झाले आणि निक्कोचे नाव साऱ्या जपानात गाजले. १९९९ साली येथील देवळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. ही देवळे समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहेत. तेथून घाट चढून गेले की १,२६९ मीटर उंचीवर चुझेन्जी सरोवर लागते. त्याच्या काठावर नानताई पर्वत उभा आहे, उंची २,४८६ मीटर. याच पर्वताच्या ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्ह्याने खोऱ्याचे तोंड बुजले आणि सरोवर तयार झाले. सरोवराचे पाणी केगोन धबधब्याच्या रूपाने ९७ मीटर खाली कोसळते.

घाटाची गोष्ट मोठी मजेची आहे. त्याचे नाव इरोहाझाका. ‘इ, रो, हा’ ही जपानी वर्णमालेच्या जुन्या क्रमाची सुरुवात, म्हणजे आपल्या ‘क, ख, ग’सारखी. या क्रमात अठ्ठेचाळीस अक्षरे धरतात, आणि घाटाला वळणेही अठ्ठेचाळीस. प्रत्येक वळणावर एकेका अक्षराची पाटी लावलेली आहे. आपल्या खंबाटकी घाटात वळणावळणाला बाराखडीची पाटी असावी, तसा हा प्रकार. उतरण्याचा रस्ता १९५४ साली खुला झाला. त्याला अठ्ठावीस वळणे. चढण्याचा १९६५ साली झाला, त्याला वीस. दोन्ही एकेरी वाहतुकीचे.

आता एक तुलना करू. आपले महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे चुझेन्जी सरोवर महाबळेश्वरापेक्षा किंचित सखलच म्हणायचे. मग महाबळेश्वरी कार्तिकात डोंगर लाल का होत नाहीत? उत्तर नकाशात आहे. निक्को विषुववृत्तापासून आपल्या दुपटीहूनही अधिक अंशांवर, उत्तरेकडे आहे. तेथे आश्विन-कार्तिकात दिवस झपाट्याने लहान होतात, रात्री गोठवणाऱ्या थंडीच्या जवळ जातात, आणि पुढचे कित्येक महिने झाडाला पानांचा उपयोग उरत नाही. महाबळेश्वरी जांभूळ, अंजनी वर्षभर हिरवी वस्त्रे नेसून उभी असतात, कारण त्यांना ती उतरवण्याची सक्ती नाही.

पान रंगते म्हणजे नेमके काय होते? पानातले हरितद्रव्य हे झाडाचे मोलाचे भांडवल. त्याच्या घडणीत नायट्रोजन असतो, आणि तो मिळवायला मुळांना फार कष्ट पडतात. हिवाळा जवळ आला की झाड हे भांडवल मोडू लागते आणि पानातला नायट्रोजन खोडात, फांद्यांत, मुळांत परत नेते. साधारणपणे निम्मा किंवा त्याहून काहीसा अधिक नायट्रोजन असा वाचवला जातो. शहाण्या गृहिणीने गाव सोडताना घरातली भांडीकुंडी बांधून न्यावीत आणि चार भिंती तेवढ्या मागे ठेवाव्यात, तसेच हे आहे. हिरवा रंग गेला की त्याच्या आड उन्हाळाभर असलेली पिवळी रंगद्रव्ये दिसू लागतात. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या जातीची ती आहेत. देठाच्या मुळाशी बुचासारखा पडदा तयार होतो, वाट बंद होते, आणि पान गळते.

लाल रंगाची कथा निराळी. पिवळा रंग आधीपासून पानात असतो. तांबडा रंग मेपलसारखी झाडे त्या शेवटच्या दिवसांत मुद्दाम नव्याने तयार करतात. आपल्या जांभळात आणि कोकमात असते त्या जातीचे हे रंगद्रव्य. जाणाऱ्या पानावर एवढा खर्च झाड का करते? शास्त्रज्ञांत यावर दोन मते आहेत. भांडवल परत नेण्याच्या नाजूक काळात पानाला प्रखर उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून झाडाने धरलेली ही छत्री आहे, असे एक मत. झाड सशक्त आहे, येथे अंडी घालू नका, असा किडींना दिलेला हा इशारा आहे, असे दुसरे.

येथेच वसंताचे नाते लागते. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात रानातला कुसुंब पाहावा. सगळे झाड लालभडक होते, आणि परका माणूस म्हणेल, काय सुंदर पानगळ! वस्तुतः ती नवी पालवी असते. आंब्याची कोवळी पाने तांबूस-जांभळी असतात, पिंपळाची तांब्याच्या भांड्यासारखी असतात, त्यामागेही याच कुळातले रंगद्रव्य आहे. कोवळ्या पानालाही उन्हापासून आडोसा हवा असतो. निक्कोचा मेपल निरोपाच्या वेळी जी छत्री धरतो, तीच छत्री आपला कुसुंब जन्माच्या वेळी धरतो. तेव्हा वसंत व्याख्यानमालेत हा विषय अगदीच परका नाही.

आता कॅमेरा घेऊन निघू. निक्कोचा पहिला धडा असा की, रंग डोंगरावरून खाली उतरतो. हवेचे तापमान दर शंभर मीटर चढाला सुमारे सहा दशांश अंशाने घटते. सरोवराच्याही वर, साधारण चौदाशे मीटरांवर सेन्जोगाहारा नावाची दलदलीची विस्तीर्ण गवताळ जागा आहे. तेथील गवत सप्टेंबरच्या अखेरीस तांबूस होते. तेथून खाली सरोवराकडे झेपावणाऱ्या र्‍यूझू धबधब्याभोवतीची झाडे ऑक्टोबरच्या आरंभी रंगतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर सरोवराचा काठ पेटतो, महिनाअखेरीस घाट, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात खालची देवळे. आठशे मीटरांचा उतार उतरायला रंगाला सुमारे चाळीस दिवस लागतात. ढोबळ हिशोब केला तर रोज वीस मीटर, म्हणजे पाचसहा मजली इमारतीएवढे अंतर. एखादी पालखी मुक्काम करीत उतरावी, तसा हा रंग उतरतो.

छायाचित्रकाराला याचा उपयोग काय? जो केवळ तारीख धरून जातो, तो बहुधा चुकतो. जो उंची पाहून जातो, त्याला कोठे ना कोठे रंग भेटतोच. सरोवरापाशी पाने गळून गेली असली, तर घाटात उतरावे. घाट अजून हिरवा असेल, तर वर चढावे. झाडाचे वेळापत्रक जाणणे ही या कलेची पहिली पायरी आहे. कॅमेऱ्याची किंमत त्यानंतर येते.

दुसरा धडा उजेडाचा. आपली सर्वसाधारण समजूत अशी की, सूर्य पाठीशी घ्यावा आणि चित्र काढावे. पानाच्या बाबतीत ही समजूत सोडावी. पान पातळ असते. सूर्य पानामागे असला की प्रकाश त्यातून गाळून येतो आणि रंगीत काचेसारखे पान उजळते. झाडाखाली उभे राहून, सूर्याला खोडाच्या आड घेऊन वर पाहावे; तोच मेपल दहापट लाल दिसतो. पाऊस पडून गेला असेल किंवा आभाळ ढगाळ असेल, तर निराश होण्याचे कारण नाही. ओल्या पानाचा रंग गडद होतो, फक्त त्यावरची चमक मारक ठरते. पोलरायझर नावाची चकती भिंगापुढे लावून फिरवली की ती चमक जाते आणि खाली दडलेला रंग वर येतो. धबधब्याशी ट्रायपॉड वापरावा. अर्धा सेकंद पडदा उघडा ठेवला तर पाणी रेशमासारखे दिसते आणि काठावरची पाने वारा नसल्यास स्थिर राहतात.

तिसरा धडा तांबड्या रंगाचाच. आजच्या कॅमेऱ्यातील संवेदक तांबड्या रंगाने लवकर भरून जातो. मग पानाच्या शिरा, कडा, कुरतडलेल्या जागा सगळे नाहीसे होते आणि कागदावर नुसता लाल डाग उरतो. म्हणून प्रकाश थोडा कमीच घ्यावा. तसेच कॅमेऱ्याला रंग आपोआप ठरवू देऊ नये. पिवळ्या-तांबड्या रंगाचा भर दिसला की तो त्याला चूक समजतो आणि चित्रात निळेपण मिसळून ती ‘सुधारतो’. दिवसाच्या उजेडाची खूण ठरवून दिली की तो ही लुडबूड करीत नाही.

येथवर कसबाच्या गोष्टी झाल्या. पण छायाचित्राचा खरा प्रश्न कसबाच्या पुढे सुरू होतो. चित्र कोणाशी इमान राखते, हा तो प्रश्न.

इतिहासातले एक उदाहरण पाहू. १८६० नंतर योकोहामा बंदरात छायाचित्रांचा मोठा व्यापार उभा राहिला. फेलिचे बेआतो हा इटालियन आणि पुढे कुसाकाबे किंबेई हे जपानी छायाचित्रकार त्यात नावाजले. निक्कोची दृश्ये परदेशी प्रवाशांच्या विशेष आवडीची. त्या काळी छायाचित्र एकरंगी असे. त्यावर कारागीर कुंचल्याने रंग भरीत. आपल्याकडेही आजी-आजोबांच्या जुन्या तसबिरींवर गालाला गुलाबी आणि शालूला हिरवा रंग चढवीत, ते अनेकांनी पाहिले असेल. कारागीर कुशल होता, यात शंका नाही. परंतु झाड त्या दिवशी किती लाल होते, हे ठरवणारा तो होता, झाड नव्हे.

पुढे रंगीत फिल्म आली, मग फिल्मही मागे पडली, आणि आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आपल्याला वाटले की आता झाडाचे म्हणणे जसेच्या तसे उमटेल. झाले उलटेच. तो कुंचलेवाला कारागीर आता फोनच्या पोटात जाऊन बसला आहे. आपण बटण दाबतो न दाबतो तोच तो पाने अधिक लाल, आभाळ अधिक निळे करून देतो. त्यावर आपण बोटाने आणखी थोडा रंग चढवतो. हे चित्र पाहून पुढच्या वर्षी दुसरा कोणी निक्कोला जातो, खरा मेपल पाहतो आणि म्हणतो, “यंदा रंग काही बरोबर उतरला नाही!” खऱ्या झाडाने खोट्या चित्रापुढे नापास व्हावे, यापरता झाडाचा अपमान कोणता?

जपानी भाषेत लाल पाने पाहायला जाण्याला ‘मोमिजिगारी’ म्हणतात. मोमिजी म्हणजे रंगलेली पाने आणि ‘गारी’ म्हणजे शिकार. शब्द जुना आहे, आणि मूळची ही शिकार केवळ डोळ्यांची होती. आज मात्र कधी कधी ती खरोखरची शिकार वाटते. एरवी अर्ध्यापाऊण तासात संपणारा घाट हंगामाच्या सुटीच्या दिवशी कित्येक तास घेतो. लोक गाडीतून उतरतात, ठरलेल्या जागी उभे राहतात, ठरलेले चित्र काढतात आणि पाचव्या मिनिटाला परत फिरतात. कित्येकांनी झाडाकडे पाहिलेलेच नसते; पडद्याकडे पाहिलेले असते.

आता त्या डोंगराच्या पाठीमागच्या जागेकडे वळू. चुझेन्जी सरोवराच्या दक्षिणेला हांगेत्सू नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्याजवळून उत्तरेकडे पाहिले की खाली निळे सरोवर, त्यात शिरलेली लाल-पिवळ्या झाडीची चिंचोळी भूजिव्हा आणि मागे नानताई असे दृश्य दिसते. निक्कोच्या अतिप्रसिद्ध चित्रांपैकी हे एक आहे. त्याच डोंगरावर तोंड दक्षिणेकडे वळवावे. समोर आशिओच्या डोंगररांगा आहेत. या डोंगरांत तांब्याची मोठी खाण होती. १८७७ नंतर तिचा झपाट्याने विस्तार झाला. भट्ट्यांतून गंधकाचा विषारी धूर निघाला, इंधनासाठी आणि खाणीच्या टेकूंसाठी जंगल तुटले, आणि दोन हजार हेक्टरांहून अधिक डोंगर उघडाबोडका झाला. मुळे गेली तशी मातीही गेली. मात्सुगी नावाचे गाव १९०२ साली धुरामुळे उठून गेले. वातारासे नदीतून विष खालच्या भातशेतीत पोचले. तानाका शोझो या लोकप्रतिनिधीने संसदेत वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. शेवटी त्याने सभासदत्व सोडले आणि १९०१ च्या डिसेंबरात थेट सम्राटाच्या गाडीपुढे अर्ज घेऊन धाव घेतली. खाण १९७३ साली बंद पडली.

श्रोतेहो, एका डोंगराची ही दोन तोंडे आहेत. एकीकडे पाने किती लाल झाली हे पाहायला जग लोटते. दुसरीकडे पाने होऊच नयेत अशी अवस्था माणसाने करून ठेवली. आणि कॅमेऱ्याला चौकट असते. चौकट म्हणजे निवड. काय घ्यायचे ते ठरवताना काय वगळायचे तेही आपण ठरवीत असतो. उत्तरेचे चित्र खोटे नाही. पण केवळ उत्तरेचीच चित्रे काढणारा माणूस नकळत अशी समजूत पसरवतो की, हा रंग निसर्गाने दिला आहे आणि तो कायम मिळतच राहील. दक्षिणेकडे पाहणाऱ्याला कळते की, हा रंग राखावा लागतो. आणि एकदा गेला तर तो परत आणायला किती पिढ्या लागतात. आशिओत सरकारी खात्याने उतारावर माती चढवून गवत आणि झाडे लावली. १९९६ पासून स्वयंसेवक दर वर्षी वृक्षारोपण करतात, शाळकरी मुलेही पाठीवर माती वाहून नेतात. आज तेथे काही उतारांवर पुन्हा झाडी दिसते, आणि शरदात तीही रंगते. आम्हाला विचाराल तर निक्कोच्या परिसरातील सर्वांत मोलाचे लाल पान तेच.

एवढ्यावर प्रश्न संपत नाही. धूर आता एका खाणीचा राहिलेला नाही. जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून ठरावीक झाडांवर नजर ठेवली आहे: मेपल कोणत्या दिवशी लाल झाला, याची दर वर्षी नोंद होते. त्या नोंदी सांगतात की, सात दशकांत मेपल रंगण्याची तारीख सरासरीने पंधरा दिवसांहूनही अधिक पुढे सरकली आहे. ऊब वाढली, थंडी उशिरा येऊ लागली, आणि झाडाने आपले पंचांग बदलले. २०२१ साली खात्याने पशुपक्षी आणि वनस्पती यांच्या कित्येक नोंदी बंद केल्या. वनस्पतींचे सहाच प्रकार ठेवले. त्या सहांत मेपल राहिला, ही समाधानाची गोष्ट.

हे सांगण्याचा हेतू असा की, ही नोंद एखाद्या मोठ्या यंत्राने केलेली नाही. एक ठरलेले झाड, एक माणूस आणि एक तारीख, एवढ्यावर ती उभी आहे. मग ज्याच्या हाती कॅमेरा आहे त्याला ती का करता येऊ नये? एकच झाड, एकाच जागी उभे राहून, दर वर्षी टिपावे. रंग वाढवू नये. मागे तारीख लिहावी. पहिल्या वर्षी ते साधे चित्र असेल. दहाव्या वर्षी तो दस्तऐवज होईल. तिसाव्या वर्षी, आपण नसलो तरी, ती साक्ष होईल. देखणेपणाने चित्राला आजचे कौतुक मिळते. तारखेने आणि प्रामाणिकपणाने त्याला आयुष्य मिळते.

त्यासाठी निक्कोला जाण्याची गरज नाही. आपल्यापैकी पुष्कळांना ते शक्यही नसेल. आपल्या गावाबाहेर कुसुंब आहे, शंकराच्या देवळापाशी पिंपळ आहे, रस्त्याकडेला पळस आहे. पिंपळ कधी निष्पर्ण झाला, पालवी कधी फुटली, पळस कधी फुलला, हे आपल्या आज्यांना तोंडपाठ असे. कारण त्यांच्या सणावारांची आणि शेतीची गाठ त्याच्याशी होती. ती गाठ सुटली आहे. खिशातल्या कॅमेऱ्याने ती पुन्हा बांधता येईल. यंदाची तांबूस पालवी अजून हिरवी पडायची आहे. आज घरी जाताना वाटेवरच्या पिंपळाखाली क्षणभर थांबावे, सूर्य पानाआड घ्यावा, एक चित्र काढावे आणि आजची तारीख लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी याच सुमारास त्याच जागी पुन्हा उभे राहावे.